डावी सीट कुणाला?

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलेली मुलगी ‘पायलट व्हायचंय’ म्हणाली की घरात आधी कर्जाचा विषय निघतो. विमान की हेलिकॉप्टर, हे कुणी विचारत नाही. विचारलं तरी त्याचं उत्तर तिच्या आवडीवर ठरत नाही, हेच खटकतं.

कागदावर हेलिकॉप्टरची वाट जवळची आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांनुसार व्यावसायिक परवान्याला विमानाचे २०० तास लागतात, हेलिकॉप्टरचे १५०. पण हेलिकॉप्टरचा एक तास छोट्या सेसना विमानाच्या तासापेक्षा कितीतरी महाग पडतो. विमान गोंदियाजवळ बिरसीला किंवा धुळ्याला शिकता येतं. हेलिकॉप्टर शिकवणाऱ्या नागरी संस्था देशभरात बोटांवर मोजण्याइतक्या. खरी अडचण तर परवान्यानंतरची. जुहूहून समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्रात जायचं असो की केदारनाथला, कंपन्यांना मुरलेला वैमानिक हवा असतो, आणि सैन्यदलांतून निवृत्त झालेला तसा माणूस त्यांना तयार मिळतो. नवख्या मुलीला घेणार कोण?

अनुभवाचा आग्रह चुकीचा नाही. हेलिकॉप्टर चालवताना उजव्या हातात सायक्लिक नावाचा दांडा, डाव्यात कलेक्टिव्ह, पायांखाली पेडल. एक हलवलं की उरलेली दोन्ही सावरावी लागतात. त्यात डोंगरातलं हवामान. १५ जून २०२५ला केदारनाथच्या वाटेवर गौरीकुंडजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जण गेले. वणीचं एक कुटुंब त्यात होतं. चालवणारा माणूस लष्करातून निवृत्त झालेला होता. मुरलेल्या माणसाचं हे, तर तिथे शिकाऊ माणूस नकोच.

मग शिकाऊ माणसाने अनुभव घ्यायचा कुठे? लष्करात तो सरकारी खर्चाने मिळतो. नागरी क्षेत्रात परवाना आणि नोकरी यांच्यामधली ही अनुभवाची पायरीच नाही. म्हणून पालकांनी कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी संस्थेला एवढंच विचारावं: मागच्या तुकडीतली मुलं आज कुठे उडताहेत? नावानिशी उत्तर मिळालं नाही, तर पैसे भरू नयेत.

पायरी बांधणं मात्र सरकारच्या हातात आहे. समुद्रातल्या तेलफलाटांवर जाणारी हेलिकॉप्टरं दोन वैमानिकांची असतात. कॅप्टन सहसा उजवीकडे, सहवैमानिक डावीकडे. ती भाड्याने घेणारी ओएनजीसी सरकारी कंपनी आहे. डाव्या सीटच्या काही जागा नागरी संस्थांतून शिकलेल्यांना, आवश्यक जादा प्रशिक्षण देऊन, द्याव्यात अशी अट निविदेत घालता येईल. त्या जादा तासांचा खर्च कंत्राटाच्या किमतीत धरावा, मुलांच्या बापांवर टाकू नये.