छंदाचा रकाना

पदवीला पन्नास वर्षं होत आली की मेडिकलच्या बॅचच्या मेळाव्याची चर्चा सुरू होते, व्हॉट्सअ‍ॅपवर फॉर्म फिरतो, स्मरणिकेची जुळवाजुळव होते. नाव, गाव, स्पेशालिटी, मुलं काय करतात, नातवंडं किती. अगदी तळाशी अर्ध्या ओळीचा रकाना: छंद. साठीनंतर संतवाङ्मयावर ग्रंथ लिहिणाराही तिथेच आणि परसात टोमॅटो लावणाराही तिथेच. टोमॅटोशी भांडण नाही. भांडण त्या रकान्याशी आहे.

माणूस आधी पोटापाण्याचं उरकतो आणि वेळ उरला की कलेकडे, अभ्यासाकडे वळतो, असं हा रकाना गृहीत धरतो. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेली काही माणसं पाहिली की हे गृहीतक टिकत नाही.

डॉ. श्रीराम लागू त्यांतले थोरले. कान-नाक-घशाचे सर्जन, कॅनडा आणि इंग्लंडमध्ये पुढचं शिक्षण, मग पुण्यात आणि आफ्रिकेत प्रॅक्टिस. १९६९ मध्ये, बेचाळिशीच्या आसपास, ते पूर्णवेळ नट झाले. परदेशी शिकून आलेल्या सर्जनने हे करावं, यावर इथे परदेशातल्या आपल्या मराठी मंडळाच्या पंगतीत आजही भुवया उंचावतील. त्यांचं आत्मचरित्र ‘लमाण’ आलं तेव्हा पंच्याहत्तरी उलटून गेली होती.

पुढच्या पिढीत जब्बार पटेल, अनिल अवचट आणि मोहन आगाशे एकाच कॉलेजात आगेमागे शिकले. १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिलेली बामणांची रांग क्षणात भिंत होई, क्षणात पडदा. दिग्दर्शक पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस झालेले आगाशे मनोविकारशास्त्राचे विद्यार्थी. वाद झाला, नाटक करणाऱ्या संस्थेने प्रयोग थांबवले, आणि त्याच मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकादमी उभी केली. त्यांच्यातलं कुणीही निवृत्तीची वाट पाहत बसलं नव्हतं.

आगाशे यांनी तर अभिनय आणि मनोविकारशास्त्र ही दोन्ही कामं एकमेकांत मिसळली. ‘अस्तु’ या चित्रपटात त्यांनी स्मृती हरवत चाललेले संस्कृत पंडित उभे केले. मुलीने गाडीत बसवून ठेवलेला हा म्हातारा रस्त्यावर हत्ती दिसताच त्याच्यामागे निघून जातो. हे काम निव्वळ नटाचं म्हणायचं की मनोविकारतज्ज्ञाचं, ठरवणं अवघड. नैराश्यावरच्या ‘कासव’ चित्रपटाचे ते अभिनेते आणि सहनिर्माते, त्याला सुवर्णकमळ मिळालं तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. पटेल २०२४ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर, शंभराव्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष झाले.

अवचटांची वाट निराळी. प्रॅक्टिस सोडून ते लिहू लागले. पण गर्दच्या व्यसनावर लिहिता लिहिता प्रकरण लेखापुरतं राहिलं नाही: १९८६ मध्ये, पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने, मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते चालवलं डॉ. अनिता अवचट यांनी, त्याही डॉक्टर. नवऱ्याची पुस्तकं कपाटात दिसतात. बायकोने उभारलेली संस्था स्मरणिकेच्या कुठल्या रकान्यात लिहायची?

यावर कुणी म्हणेल, ही मोठी माणसं, इथल्या वर्गमित्रांशी त्यांची तुलना कशाला? गुणवत्तेची तुलना नकोच. पण त्यांना एक गोष्ट मिळाली जी परदेशी गेलेल्यांची सुटली: संगत. तालमीला बोलावणारा, कच्चा मजकूर वाचून ‘हे फसलंय’ म्हणणारा मित्र सायकलच्या अंतरावर होता. इथे तो तीन तासांच्या ड्राइव्हवर, आणि भेटला की गप्पा नातवंडांच्या. हातून काही घडलं नाही याचं खापर मग सगळे वेळेवर फोडतात.

म्हणून मंडळाने वर्गमित्रांच्या कामाला गणपतीतल्या जेवण आणि रॅफलच्या मधली दहा मिनिटं देऊन मोकळं होऊ नये. अर्धवट हस्तलिखित वाचायला एक दुपार द्यावी, पुस्तकाचं परीक्षण अंकात छापावं, आणि ते परखड असावं. नुसतं अभिनंदन नको. स्मरणिकेच्या फॉर्ममधून ‘छंद’ काढावा आणि तिथे विचारावं: सध्या काय करताय, आणि कुणाबरोबर? दुसऱ्या प्रश्नाला मात्र अर्धी ओळ पुरणार नाही, पानभर जागा ठेवावी लागेल.