कडक इस्त्रीचं शीड

मंडळी, आज जरा भांडायचंय. विषय आहे शिडातल्या बॅटन्स. हसू नका!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शिडाच्या मागच्या कडेला लांबट खिसे शिवलेले असतात. त्यांत फायबरग्लासच्या लवचीक पट्ट्या घालतात, त्या बॅटन्स. त्या नसतील तर मागचं कापड नुसतं फडफडत राहतं. लेझर बोटीला अशा तीन आखूड पट्ट्या. हॉबी १६ ला डोलकाठीपासून मागपर्यंत पूर्ण लांबीच्या. चिनी जंक जहाजांवर हेच काम कित्येक शतकं बांबूने केलं.

आता मुद्दा. आपल्या आयटीवाल्यांचा एक लाडका सिद्धांत आहे : महाग ते चांगलं, कडक ते वेगवान. मीही त्यातलाच. आमच्या शिडाची सगळ्यात वरची बॅटन डोलकाठीपर्यंत जाते. तिथे मिळाली ती सर्वात कडक पट्टी ऑनलाइन मागवून ठोकून बसवली, वर दोरी करकचून आवळली. रविवारी मुंबई बंदरात वारा जेमतेम. बोट वळवून वारा दुसऱ्या बाजूने घेतला, तरी शिडाचं टोक जुन्याच बाजूला फुगलेलं! दोरी हिसकली, बूम हलवला, ढिम्म. बाकीच्या बोटी निघून गेल्या.

किनाऱ्यावर बोटी सांभाळणारे काका एवढंच म्हणाले, "साहेब, उलटी घातलीत."

खरंच की! एका टोकाला निमुळती होत जाणारी पट्टी असेल, तर तिचं नरम टोक डोलकाठीकडे आणि कडक टोक मागे. कारण शिडाचं पोट पुढच्या भागात हवं, मागची बाजू सपाट. पुढेच कडक पट्टी आली की पोट दबतं आणि मंद वाऱ्यात बोटीचा जीव जातो. आखूड बॅटन फार कडक असेल, तर तिच्या आतल्या टोकाशी शिडाला घडी पडते. जोराच्या वाऱ्यात शीड सपाटच हवं असतं, तेव्हा कडक पट्टी शोभते. आणि पूर्ण लांबीच्या बॅटनचा ताण? खिशावरच्या सुरकुत्या जातील एवढाच. त्याहून आवळली की पट्टी धनुष्यासारखी वाकते आणि मंद वाऱ्यात बाजू बदलायलाच तयार होत नाही. टोकं घासून गोल करा, टेप लावा. नाहीतर फायबरच्या कुसळांनी खिसा फाटतो. काम झालं की ताण सैल करा.

यातलं काहीच गुपित नाही. काकांना सगळं ठाऊक होतं. पण विचारलं कोणी? आम्ही रिव्ह्यू वाचतो, स्टार मोजतो. समोर उभ्या माणसाला फक्त "बोट ओढा" एवढंच सांगतो. ही कंजुषी पट्टीच्या किमतीपेक्षा महाग पडते, आणि लाजिरवाणीही आहे.

असो. नवी बॅटन घेण्याआधी जुनीचं एक टोक जमिनीला टेकवा, वरून दाबा, नेमकी कुठे वाकते ते बघा. मग काकांना विचारा. पाकीट त्यानंतर.