पडद्यावरचे संत आणि आषाढातील कोलार

आषाढी एकादशी जवळ आली की घराघरांतून अभंगांचे स्वर उमटू लागतात. वीज केंद्राच्या आणि कोळशाच्या खाणींच्या आसऱ्याने वाढलेले आपले खापरखेडाही त्याला अपवाद नाही. पाळी संपवून परतलेला कामगार देवापुढे हात जोडतो आणि मग मुलाबाळांसह दूरदर्शन संचासमोर किंवा भ्रमणध्वनीवर भक्तिगीतात रमतो. पूर्वी संतांची पहिली भेट कीर्तनाच्या फडात होत असे. आज ती बहुधा पडद्यावर होते. हे सरसकट शोचनीय आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. मात्र या भेटीत आपल्या पदरी नेमके काय पडते, हे सणाच्या निमित्ताने तपासून पाहावयास हवे.

या प्रवासाचा खरा मानकरी १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ हा प्रभातचा बोलपट. दामले-फत्तेलाल यांच्या या कृतीचा पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. परंतु त्याहून मोठी गोष्ट घडली ती आपल्या देव्हाऱ्यात. तुकोबा म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे जी मूर्ती उभी राहते, ती विष्णुपंत पागनिसांची! रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा नट तुकोबांच्या रूपात असा एकरूप झाला की त्याचीच छबी लोकांनी पूजेस लावली. शांताराम आठवले यांनी त्या बोलपटासाठी बीजावर एक पद रचले. ते तुकोबांच्या धाटणीशी इतके बेमालूम जुळले की जाणकारांनीही ते गाथेत धुंडाळले. लोकप्रिय कला संतांचा चेहराही घडवते आणि वाणीतही भर घालते, ती अशी.

पण तो बोलपट टिकला तो पुष्पक विमानामुळे, असे म्हणवत नाही. गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई, तिचा त्रागा, घरातले अठराविश्वे दारिद्र्य हे सारे त्यात होते, म्हणूनच चमत्कारही पटले. २०१२ साली चंद्रकांत कुलकर्णी यांच्या ‘तुकाराम’मध्ये जितेंद्र जोशी यांनी दुष्काळाने होरपळलेला माणूस दाखवला, तोही याच वाटेने. २०२१ मध्ये ‘ज्ञानेश्वर माउली’ ही मालिका आली आणि चित्रपटांचा ओघ पुढेही चालूच राहिला. त्यांतून निवडलेले क्षणभराचे तुकडे आता हातोहाती फिरतात. त्यांत बहुधा चमत्कार उरतो आणि जिजाई गळून पडते. (मिरवणुकीत अभंगाला लावलेल्या कर्णकर्कश ठेक्याविषयी न बोललेलेच बरे.)

विदर्भापुरते पाहू गेल्यास चित्र याहून उद्बोधक आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी लोकरंजनाचे साधन दुसऱ्याच्या हाती सोडलेच नाही. खंजिरी स्वतः हाती घेतली. तिच्या तालावर ते ग्रामसफाई, व्यसनमुक्ती आणि सहकार सांगत. त्यांच्या ‘ग्रामगीते’त ग्रामशुद्धी आणि ग्रामआरोग्य हे स्वतंत्र विषय आहेत. गाडगेबाबा दिवसा गावातील घाण झाडत आणि रात्री कीर्तनात गावालाच प्रश्न विचारीत. ‘देवकीनंदन गोपाला’ या १९७७ सालच्या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबा साकारले. पुढे शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला बाबांचे नाव दिले आणि नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंतांचे. नावे आली, झाडू आणि खंजिरी मागे राहिली की काय, ही शंका आपल्या परिसरात तर फारच बोचते.

खापरखेड्याहून फार दूर नसलेले धापेवाडा ही विदर्भाची पंढरी. कोलबास्वामींच्या या क्षेत्री आषाढ वद्य प्रतिपदेस साक्षात पांडुरंग येतो, अशी आपली श्रद्धा आहे. तिथल्या नदीचे नावही चंद्रभागाच. २०२२ च्या जुलैत, ऐन आषाढात, कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखमिश्रित पाणी शेतांत व कोलार नदीत पसरले. कोलारचे पाणी कन्हानला मिळते आणि कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. त्याच वर्षाच्या प्रारंभी खापरखेडा केंद्राची राख नांदगावच्या तलावात टाकणे ग्रामस्थांच्या तक्रारींनंतर थांबवावे लागले होते. वीज तर सर्वांनाच हवी. या केंद्रांवर आपल्यापैकी कित्येकांची चूल पेटते. म्हणून हा प्रश्न कोणावर ठपका ठेवून सुटणारा नाही. पण राखेच्या पाण्याने कोणाचे शेत बसले, विहिरीला कोणती चव आली, हे विचारण्याची जागा कोणती? गाडगेबाबांच्या काळी ती कीर्तनात होती.

आपल्या गावांतील भजनी मंडळांनी ती जागा अजून मोडीत काढलेली नाही. सामुदायिक प्रार्थनेला माणसे आजही एकत्र बसतात आणि खंजिरीही वाजते. यंदा धापेवाड्याला निघणाऱ्या दिंड्यांनी वाटेवरच्या एखाद्या मुक्कामी ‘ग्रामगीते’तील ग्रामशुद्धीचा अध्याय वाचावा आणि त्यानंतर कोलारकाठच्या शेतकऱ्याला चार शब्द बोलू द्यावेत. त्यासाठी ना पडदा लागतो, ना ध्वनिक्षेपक.