विश्लेषण : खदानीचा खड्डा, कचऱ्याचा डोंगर आणि खाडी… गोखिवरे येथील प्रश्न नेमका काय?

वसई पूर्वेच्या गोखिवरे येथील भोयदापाडा कचराभूमीत वसई-विरार शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला जात आहे. उन्हाळ्यात आगीचा धूर आणि पावसाळ्यात कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी हे आसपासच्या रहिवाशांचे नेहमीचे गाऱ्हाणे. शास्त्रोक्त विल्हेवाट होत नसल्याचा हा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंतही पोहोचला. शहर वाढते तसा कचरा वाढतो, आणि बांधकामांना लागणाऱ्या खडीसाठी डोंगरही पोखरले जातात. मग हा कचरा रिकाम्या खदानीत भरला तर काय बिघडते? असे करायला खाडीलगत परवानगी असते का?

जागा नाजूक का आहे?

या परिसराच्या पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर आहेत. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे तुंगारेश्वर वन्यजीव अभयारण्य २००३ मध्ये जाहीर झाले. दक्षिणेला मिठागरे, कांदळवने आणि वसईची खाडी. म्हणजे डोंगरावरचे पाणी वस्ती आणि सखल भाग ओलांडून खाडीला मिळते. वाटेत कचराभूमी आली, तर तिच्यातील घटकही त्याच वाटेने खाली जातात.

चार नगर परिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार महापालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार होती. त्यानंतर इमारती वाढल्या, पण कचऱ्यासाठी जागा वाढली नाही.

कचऱ्यातून किती पाणी झिरपते?

हिशेब सोपा आहे. एक हेक्टर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर १० हजार लिटर पाणी जमा होते. मोसमात दोन हजार मिमी पाऊस झाला, तर एका हेक्टरवर दोन कोटी लिटर. त्यातील चौथा भाग जरी उघड्या ढिगात मुरला, तरी हेक्टरी ५० लाख लिटर दूषित पाणी तयार होते. यालाच ‘लीचेट’ म्हणतात. त्यात सेंद्रिय घाण, अमोनिया, क्षार आणि बॅटऱ्या-रंगांमधले जड धातू असू शकतात. विहिरीत किंवा नाल्यात उतरल्यावर हे पाणी वेगळे काढता येत नाही.

आग पुन्हा पुन्हा का लागते?

ओला कचरा ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही. हवेविना कुजताना मिथेन तयार होतो. वर सुके प्लास्टिक, कापड, कागद. एक ठिणगी पुरते. आग ढिगाच्या आत धुमसत असेल तर वरून मारलेले पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून धूर कित्येक दिवस राहतो. शिवाय आग विझवायला वापरलेले पाणीही शेवटी लीचेट बनूनच बाहेर येते. यावर खरा इलाज एकच, ओला कचरा ढिगापर्यंत जाऊच न देणे.

रिकाम्या खदानीत कचरा टाकला तर?

वरकरणी पर्याय सोयीचा वाटतो. खड्डा तयार आहे, वस्तीपासून थोडा दूर आहे, भरला की जमीन सपाट होते. पण आपल्याकडचा काळा पाषाण सुरुंगाने फोडलेला असतो. त्याच्या भिंतींत आणि तळात भेगा पडतात, आणि त्या भेगा भूजलाच्या वाटा ठरतात. मे महिन्यातही खदानीत पाणी साचलेले दिसत असेल, तर तिचा तळ भूजल पातळीच्या खाली असण्याची शक्यता दाट. तिथे कचरा टाकणे म्हणजे थेट भूजलात टाकणे.

२०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी यासाठीच कडक निकष घातले. भरावभूमीच्या तळाशी ९० सेंटिमीटर जाडीचा चिकणमातीचा थर, त्यावर दीड मिलिमीटरचे प्लास्टिक अस्तर आणि तळापासून भूजल किमान दोन मीटर खाली. मातीतून पाणी पाझरण्याचा वेग इतका कमी ठरवला होता की साध्या गणिताने ९० सेंटिमीटर ओलांडायला सुमारे २८ वर्षे लागतील. खदानीच्या उभ्या, खडबडीत भिंतींवर असे अस्तर बसवणे अवघड आणि महागडे असते.

नियम जागेबद्दल काय सांगतात?

२०१६ च्या याच नियमांनुसार भरावभूमी नदीपासून १०० मीटर, तर तळे, वस्ती, महामार्ग आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर दूर असणे आवश्यक होते. पूरक्षेत्र, सागरी नियमन क्षेत्र, पाणथळ जागा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील भागात ती चालत नव्हती. तिथे जायचा कचराही फक्त पुनर्वापर किंवा प्रक्रिया न होणारा असावा, अशी अट होती. भरावभूमी बंद केल्यावर किमान १५ वर्षे देखरेख बंधनकारक होती.

खदानींबाबतही बंधने आहेत. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ रोजी स्पष्ट केले. अभयारण्याच्या सीमेपासून एक किलोमीटरच्या आत खाणकामाला न्यायालयाने एप्रिल २०२३ च्या आदेशातही मनाई कायम ठेवली.

मिठागरांना पाणथळीचे संरक्षण आहे का?

इथे मोठी फट आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी पाणथळीत घनकचरा टाकण्यास बंदी घातली. मात्र मीठ उत्पादनासाठी मुद्दाम बांधलेली क्षेत्रे ‘पाणथळ’ या व्याख्येतून वगळली. सागरी नियमन क्षेत्रातील पाणथळींनाही हे नियम लागू होत नाहीत, त्यांना त्या क्षेत्राच्या वेगळ्या अधिसूचनेचे संरक्षण असते. कांदळवनांना ते अधिक भक्कम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये कांदळवनांभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकाम आणि राडारोडा टाकण्यास मनाई केली.

कागदावर फरक असला तरी पाण्याला तो कळत नाही. जुलै २०१८ च्या पुरात वसईच्या मिठागरात सुमारे ४०० लोक अडकले होते. सखल जागा भरावाने चढली की पाणी शेजारच्या वस्तीत शिरते.

बायोमायनिंगने प्रश्न सुटेल का?

बायोमायनिंग म्हणजे जुना ढीग उकरून, वाळवून, चाळून वेगळा करणे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वच्छ भारत अभियानाच्या २०२१ मधील दुसऱ्या टप्प्यात जुन्या कचराभूमी मोकळ्या करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. चाळल्यावर प्लास्टिक-कापड सिमेंट भट्टीत इंधन म्हणून जाते, दगड-विटा भरावाला, आणि उरते ती बारीक माती.

खरी मेख या मातीत आहे. जड धातू आणि क्षारांची चाचणी न करता ती खदानीत किंवा खाडीलगतच्या सखल भागात टाकली, तर प्रदूषण संपत नाही, त्याचा फक्त पत्ता बदलतो. शिवाय रोजचा नवा कचरा वर्गीकरणाविना येत राहिला, तर एका बाजूने ढीग उपसायचा आणि दुसऱ्या बाजूने रचायचा, असेच चालू राहते.

कांजूरमार्गचे प्रकरण काय सांगते?

ठाणे खाडीलगतच्या कांजूरमार्ग कचराभूमीची ११९.९१ हेक्टर जमीन संरक्षित वन असल्याचा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २ मे २०२५ रोजी दिला आणि ती पूर्ववत करण्यासाठी तीन महिन्यांची मुदत दिली. १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. याचिका २०१३ मधली. म्हणजे जागेचा दर्जा आधी न तपासल्यास बारा वर्षांनीही शहराला कचरा कुठे टाकायचा हे ठाऊक नसते.

नागरिकांनी काय विचारावे?

चार गोष्टींची माहिती अधिकाराखाली मागणी करता येते. कचराभूमीभोवतालच्या भूजलाचे चाचणी अहवाल, लीचेट कुठे जाते आणि त्यावर काय प्रक्रिया होते, बायोमायनिंगमधून निघालेली माती कोणत्या ठिकाणी टाकली, आणि परिसरातील बंद खदानींची यादी व त्या भरण्यासाठी दिलेल्या परवानग्या. यातील तिसरे उत्तर सर्वात महत्त्वाचे. ढीग किती टन कमी झाला हे महापालिका सांगेल, पण तो माल कोणाच्या दारात गेला हे वाहतुकीच्या नोंदींतूनच कळेल.