नकलेचे इमान कोणाशी?

भाषांतरमीमांसा शिकवताना 'मुळाशी इमान' हा शब्दप्रयोग आम्ही सर्रास करतो. विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत आम्हांलाच परत करतात. इमान नेमके कशाशी, आणि ते पारखणारा कोण, हा प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. अलीकडे तो आम्हांला एका अनपेक्षित ठिकाणी भेटला : खेळण्यातल्या पिस्तुलांच्या तुलनेत. विषय वाङ्मयबाह्य वाटेल. वाचकांनी थोडा धीर धरावा.

मूळ संहिता आहे 'एम १९११'. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी रचनाकाराचे हे पिस्तूल १९११ साली अमेरिकी सैन्याने स्वीकारले आणि १९८५ पर्यंत ते त्या सैन्याचे प्रमाण पिस्तूल राहिले. वजन सुमारे १.१ किलो, मॅगझिनमध्ये सात गोळ्या, आणि मुठीच्या मागे अशी एक कळ की ती तळहाताने नीट दाबली गेल्यावाचून चाप ओढताच येऊ नये. अभिजात कृतीची जी लक्षणे आपण सांगतो, म्हणजे आटोपशीरपणा, दीर्घायुष्य आणि अनुकरणाला दिलेले सततचे आमंत्रण, ती सारी येथे आहेत.

या पिस्तुलाच्या 'एअरसॉफ्ट' प्रतिकृती वायूच्या दाबाने ६ मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी फेकतात. हा प्रकार वाढला जपानात. तेथे १९७१ च्या कायद्याने धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा वा पिवळा रंग देणे आणि त्यांची नळी बुजवणे सक्तीचे केले. काळे, खरेखुरे दिसणारे रूप हवे असेल तर प्लास्टिककडे वळणे भाग होते. टोकियो मारुईच्या १९११ चा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, प्लास्टिकची असते, त्यामागे हा इतिहास आहे. उलट तैवानच्या डब्ल्यूई या कंपनीचे १९११ सर्वांगी धातूचे. हातात घेताच थंड, जड, 'अस्सल' वाटणारे.

हौशी जाणकारांची तुलना साधारणपणे या दोन ध्रुवांमध्ये फिरते. धातूची प्रतिकृती दिसायला आणि पेलायला मुळाच्या अधिक जवळ. पण जड स्लाइड मागे ढकलायला वायू जास्त खर्ची पडतो, आणि थंडीत वायूचा दाब उतरला की तिची चाल मंदावते. प्लास्टिकची हलकी स्लाइड चटकन मागे जाते, चटकन परतते आणि नेम चांगला लागतो. मग इमानी कोण? जी मुळासारखी दिसते ती, की जी मुळासारखी वागते ती?

यातला सर्वांत बोलका तपशील नळीच्या आत आहे. खऱ्या पिस्तुलाच्या नळीला आतून पीळदार आटे असतात. त्यांमुळे गोळी आपल्या प्रवासाच्या अक्षाभोवती गिरकी घेत सरळ जाते. प्रतिकृतीची नळी आतून गुळगुळीत. तेथे रबराचा एक छोटा उंचवटा गोळीला वरून अडवतो आणि तिला उलटी, मागच्या बाजूची फिरकी देतो. त्या फिरकीने गोळी हवेत तरंगत दूर जाते. हेतू एकच, साधन निराळे. पीळदार आट्यांची हुबेहूब नक्कल केली असती तर हलक्या, वाटोळ्या गोळीला तिचा काही उपयोग झाला नसता. शॉच्या 'पिग्मॅलियन'मधील लंडनची फुलवाली पु. ल. देशपांडे यांच्या 'ती फुलराणी'त मंजुळा होते आणि तिची बोली मराठी कानाला खटकेल अशी घडवली जाते, तेव्हा याहून निराळे काय घडते? परिणामाशी इमान राखायचे, तर साधनाशी बेइमानी करावीच लागते.

येथवर आम्ही या तुलनाकारांच्या बाजूचे आहोत. पण त्यांच्या निकषांत एक उणीव आहे, आणि ती लहान नाही. ते साम्य मोजतात ते नेहमी हातात धरणाऱ्याच्या बाजूने. समोरून पाहणाऱ्याचा विचार त्यात नाही. अमेरिकेत १९८८ च्या संघीय कायद्यामुळे अशा खेळण्यांच्या नळीला भडक नारिंगी टोक येते. अनेक शौकिनांच्या लेखी तो सौंदर्यावरचा डाग, काढून टाकण्याजोगा. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी क्लीव्हलंड शहरात टमीर राइस हा बारा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एका उद्यानात एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. ते १९११ चीच प्रतिकृती होते आणि त्याला नारिंगी टोक नव्हते. दूरध्वनी करणाऱ्याने पिस्तूल बहुधा खोटे असावे असे सांगितले होते. ते पोलिसांपर्यंत पोहोचवले गेले नाही. गाडी येऊन थांबल्यावर सुमारे दोन सेकंदांत गोळी झाडली गेली. दुसऱ्या दिवशी मुलगा गेला.

या मृत्यूचा दोष खेळण्यावर टाकून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. गोळी माणसाने झाडली, आणि बारा वर्षांच्या मुलाला धोकादायक मानणारी नजर कोणत्या समाजात घडते, हा प्रश्न उरतोच. पण ज्या गुणाला तुलनाकार सर्वाधिक गुण देतात, तो 'ओळखू न येणे' हाच आहे, हे विसरता येत नाही.

वाङ्मयात चुकीच्या ओळखीने कोणी मरत नाही. म्हणून ही तुलना फार ताणू नये. तरीही 'भाषांतर वाटतच नाही' ही आपली सर्वांत आवडती प्रशस्ती आम्हांला आता सहजपणे उच्चारवत नाही. मुखपृष्ठावरचे अनुवादकाचे नाव, 'आधारित' हा श्रेयनामावलीतला शब्द, मराठीत न मुरणारी एखादी परकी खूण, ही आपली नारिंगी टोके आहेत. ती घासून काढली की कृती अधिक अस्सल होत नाही. केवळ अधिक फसवी होते. नकलेचे पहिले इमान मुळाशी नसून समोरच्या माणसाशी असते, आणि 'मी नक्कल आहे' हे सांगण्यापासून त्याची सुरुवात होते. वर्गात यापुढे निकषांची यादी फळ्यावर लिहिताना हा निकष आम्ही सर्वांत वर लिहिणार आहोत.