सॅडलवर्थचं नक्की काय गेलं?

उत्तर इंग्लंडमधल्या ओल्डहॅम बरोच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत सॅडलवर्थची गावं आहेत. अपरमिल, डेल्फ, डॉबक्रॉस, डिगल वगैरे. इथल्या जुन्या माणसाला चुकूनही "तुम्ही मँचेस्टरकडचे ना?" असं विचारू नये! १९७४ पर्यंत ही गावं यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमध्ये होती. पार्लमेंटने १९७२ साली कायदा केला, नकाशावर नव्या रेघा ओढल्या आणि दोन वर्षांनी गावं ग्रेटर मँचेस्टरात गेली. पन्नास वर्षं उलटली, तरी १ ऑगस्टचा यॉर्कशायर दिवस इथे साजरा होतो.

मला हा हट्ट लोभस वाटतो. पण तसं पाहिलं तर गोंधळ जुनाच आहे. यॉर्कशायरात असूनही चर्चच्या हिशेबात ही गावं लँकेशायरमधल्या रॉचडेलची. इथलं पाणीसुद्धा टेम नदीतून पश्चिमेला जातं. बाकीचं यॉर्कशायर राहिलं डोंगरापलीकडे. तिकडे कालवा न्यायला पाच किलोमीटरचा बोगदा खणावा लागला, तो १८११ साली खुला झाला.

माझ्या मते खरं नुकसान काउंटीचं नाहीच. १९७४ साली ओल्डहॅमबरोबर सहा अर्बन डिस्ट्रिक्ट एकत्र केले: चॅडर्टन, क्रॉम्प्टन, फेल्सवर्थ, लीज, रॉयटन आणि सॅडलवर्थ. प्रत्येकाची स्वतःची कौन्सिल होती, ती गेली. सॅडलवर्थला निदान पॅरिश कौन्सिल तरी आहे, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची धाकटी बहीण म्हणा ना. शॉ आणि क्रॉम्प्टनलाही आहे. चॅडर्टन, रॉयटन, फेल्सवर्थला तेवढंही नाही. पण त्यांच्याकडे फडकवायला यॉर्कशायरच्या गुलाबाचा झेंडा नाही, म्हणून त्यांची कुणी गोष्ट सांगत नाही.

आणि असलेल्या पॅरिश कौन्सिलला तरी अधिकार किती? गावाच्या कडेच्या कुरणात घरं बांधायचा अर्ज आला की ती आपलं मत कळवते. निर्णय बरोचा. तिथे ६० नगरसेवक, त्यात डोंगरातल्या गावांचे मोजकेच. झेंड्यावर खर्ची पडणारा जोर या मताला वजन मिळवण्यावर लागला असता, तर मी जास्त खूष झालो असतो.

बाकीच्यांनाही वाट आहे म्हणा. २००७ च्या कायद्यानुसार रहिवाशांना सह्या गोळा करून नवी पॅरिश मागता येते. द्यायची की नाही, ते मात्र पुन्हा बरोच ठरवणार!