दोष मातेच्या माथी, गुन्हा व्यवस्थेचा

नवजात अर्भकाच्या हृदयात छिद्र आढळले की समाजाचे पहिले बोट आईकडे वळते. तिने ग्रहण पाळले नाही, मागच्या जन्मीचे पाप भोवले! या जुन्या पोथीला आता नवी सुशिक्षित पुरवणी जोडण्यात आली आहे : ‘मातेचे अज्ञान’. भाषा बदलली, आरोपी तीच राहिली.

विज्ञान काय सांगते? हजार जिवंत जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ अर्भकांना जन्मजात हृदयविकृती असते. अनेकदा तिचे कोणतेही एक कारण दाखविता येत नाही. तेथे मातेला दोषी ठरविणे हा निव्वळ अन्याय होय. मातेशी निगडित जी कारणे सिद्ध झाली आहेत, म्हणजे गर्भारपणाच्या आरंभी झालेला रुबेला, आधीपासूनचा अनियंत्रित मधुमेह, काही औषधे, ती वैयक्तिक पापे नसून सार्वजनिक आरोग्याचे प्रश्न आहेत.

रुबेलाचेच उदाहरण घ्या. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी मातेचा रुबेला आणि अर्भकाची जन्मजात व्यंगे यांचा संबंध दाखवून दिला. १९६९ साली अमेरिकेत लसीला परवाना मिळाला. भारतात मात्र गोवर-रुबेला लसीची व्यापक सरकारी मोहीम सुरू व्हावयास २०१७ साल उजाडले. मधल्या काळात लस नव्हती काय? होती, ज्यांच्या खिशात पैसे होते त्यांच्यासाठी खासगी दवाखान्यात होती! या विलंबाचा जाब कोणत्या मातेला विचारावयाचा?

भ्रूणाचे हृदय गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात घडते. पुष्कळ स्त्रियांना तोवर दिवस गेल्याचेही कळलेले नसते. म्हणजेच गर्भवतीची नोंदणी झाल्यावर सुरू होणारी देखभाल या बाबतीत मुळातच उशिराची ठरते. स्त्रीचे आरोग्य केवळ भावी माता म्हणून नव्हे, तर श्रमिक माणूस म्हणून जपले गेले पाहिजे. २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात २६ आठवड्यांची प्रसूती रजा आली. परंतु शेतमजूर, ऊसतोडणी कामगार, घरकामगार स्त्रियांच्या वाट्याला ती येत नाही.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते, असे कोणी म्हणेल. तिचे स्वागतच आहे. पण निदान गावात आणि शस्त्रक्रिया महानगरात, ही दरी मजुरी बुडवून, कर्ज काढून कोणी ओलांडावयाची?

म्हणून कॉम्रेड्स, प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रत्येक स्त्रीची मधुमेह तपासणी, एकही मुलगी न वगळणारे लसीकरण, असंघटित स्त्रीला सवेतन प्रसूती रजा आणि प्रत्येक विभागात सरकारी बालहृदय शस्त्रक्रिया केंद्र, या मागण्या वस्तीवस्तीत नेल्या पाहिजेत. आईला उपदेश नको; तिला तिचा हक्क हवा!